पूजेत बसलेला पाना

उस्मानपुरा, औरंगाबाद
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९८७

तीर्थस्वरूप दमयंतीआत्यास,

भानूचा वाकून, आणि या खेपेस नेहमीपेक्षा जरा अधिक वेळ वाकून (कारण पुढे येईल), नमस्कार. येथे सर्व कुशल आहे. हे वाक्य काल दुपारी चार वाजता मला लिहिता आले नसते, म्हणून आज दोनदा लिहिते : येथे सर्व कुशल आहे. तुझा गुडघा कसा आहे? वैद्यांनी दिलेले तेल लावतेस की कपाटात ठेवून नुसत्या वासावर भागवतेस? गंगापुरात पाऊस पुरेसा झाला का? तुझ्या शाळेला दिवाळीची सुट्टी कधी लागते तेही कळव. हा शेवटचा प्रश्न मी सहज विचारलेला नाही. पण तूर्त तो सहज विचारला आहे असेच समज.

माझा घाबरट स्वभाव तुला नव्याने सांगायला नको. दहावीला बोर्डात आले तेव्हाच्या सत्काराला तू होतीसच. आभाराचे भाषण मी चार पाने लिहून नेले, ते अध्यक्षांच्या हाती दिले आणि जिना उतरून तुझ्या शेजारी येऊन बसले. मग त्या सज्जन गृहस्थांनी स्वतःचेच आभार स्वतःच मोठ्याने मानले. आता एम.ए.ला आले तरी प्रगती नाही. विद्यापीठातून परतताना सिटी बसच्या कंडक्टरला ‘उस्मानपुरा’ असे सांगावे लागते. मी ते मनात सांगते. बसमधल्या आणखी कोणाला उस्मानपुऱ्याला उतरायचे असेल तर माझे भाग्य. नसेल तर बस मला रेल्वे स्टेशनापर्यंत नेते आणि तेथून मी चालत घरी येते. आई समजते, मी ग्रंथालयात बसते. अशा एका परतीच्या वाटेवर माझ्या मनात आले की आपल्याला असे एक वाहन हवे, जे थांबवण्यासाठी कोणाशीही बोलावे लागणार नाही.

वाहन मिळाले ते पोत्यातून. उन्हाळ्यात कोणी परदेशी प्रवासी सायकलवरून अजिंठ्याची लेणी पाहायला निघाला होता. घाटात त्याची आणि एका बैलगाडीची गाठ पडली. माणूस सुखरूप राहिला, बैलांनाही काही झाले नाही, पण सायकलचे पुढचे चाक पापडासारखे वाकले. त्याने ती जागच्या जागी गाडीवानाला देऊन टाकली आणि तो रेल्वेने गेला. गाडीवान आमच्या कोपऱ्यावरच्या कडूबा मिस्त्रींचा मेहुणा. सुटे भाग, पोते, आणि पोत्याच्या तळाशी इंग्रजीत छापलेले एक माहितीपुस्तक असा सगळा ऐवज कडूबांच्या दुकानात आला. मी भावाच्या, श्रीधरच्या, सायकलचे पंक्चर काढायला गेले होते (सायकल हाताने ढकलत, हेही लक्षात ठेव). कडूबा त्या पोत्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ताई, ह्याला दातं बी लई अन् तारा बी लई. ही सायकल नाय, ही बाजाची पेटी हाय. तुम्ही वाचणारी माणसं, तुम्हीच न्या.” मला नाही म्हणता आले नाही. मला सहसा म्हणता येत नाही. या एका वेळी मात्र मला नाही म्हणायचेही नव्हते.

आत्या, ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, हे मी कोणाला सांगितलेले नाही. मागच्या खोलीत सतरंजीवर ते भाग मांडून मी पुस्तकातल्या आकृत्यांशी ताडून पाहत असे. व्याकरणात जसे प्रत्येक शब्दाला वाक्यात एक काम असते, तसे येथे प्रत्येक चकतीला, प्रत्येक नटाला. पुढच्या चाकासाठी नवी धाव, म्हणजे बाहेरचे कडे, कडूबांनी मिळवून दिली आणि छत्तीस तारा मी एकटीने ओवल्या. तार बोटाने छेडायची आणि सगळ्या एका सुरात येईपर्यंत आवळत जायचे. तंबोऱ्याचे शिक्षण माझे राहून गेले होते, ते असे पूर्ण झाले. मागच्या चाकाला पाच दातेरी चक्रे आहेत आणि साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर आपण होऊन उडी मारते. (आपण होऊन म्हणजे मी सतरा दिवस प्रयत्न केल्यानंतर.) पेडलांना पुढे पिंजरे आहेत, त्यांत पाय घालून वरून चामड्याचा पट्टा आवळायचा असतो. चाकाच्या आसातले छर्रे वंगणात बसवताना एक निसटला. दोन दिवस शोधला. एकादशीला तो आईला भिजवलेल्या साबुदाण्यात सापडला. तेव्हापासून ती साबुदाणा चाळणीतून काढते.

आता भीतीकडे येते. या सायकलचे हँडल ज्या दांडीवर बसते ती पुढच्या नळीत एका बोल्टने आवळलेली असते. तो बोल्ट सैल राहिला तर हँडल एका दिशेला जाते आणि चाक त्याच्या मनाला येईल तिकडे. पुस्तकात या ठिकाणी काळ्या चौकटीत सूचना आहे आणि तीत मृत्यू हा शब्द आहे. मी सर्व सायकल जोडली आणि हा बोल्ट शेवटी आवळायचा म्हणून हाताने नुसता बसवून ठेवला. तो साध्या पान्याने फिरत नाही. त्याला सहा कोनांची एक वाकडी सळई लागते, आणि तशी सळई साऱ्या उस्मानपुऱ्यात एकच, त्या पोत्यातून आलेली. परवा, खंडेनवमीच्या सकाळी, स्नान करून आले आणि सळई घ्यायला खोलीत गेले तो सतरंजी रिकामी. आईने माझी सर्व हत्यारे उचलून देवघरात पाटावर मांडली होती. श्रीधरचा हातोडा, तुझ्या थोरल्या बंधूंची, म्हणजे नानासाहेबांची, अडकित्ता-सुरी, तिची स्वतःची विळी, आणि मधोमध झेंडूच्या फुलांखाली माझी सळई. सायकलला हळदकुंकू लागले होते, हँडलाला आंब्याचा डहाळा होता.

मी म्हटले, “आई, तो एक पाना जरा हवा होता.” (हे मी मनात म्हटलेले नाही, खरोखर म्हटले. नोंद असावी.)

आई म्हणाली, “पूजेत मांडलेलं हत्यार उद्या सीमोल्लंघन झाल्याशिवाय उचलायचं नाही. वर्षभर हातात असतं ना? एक दिवस निजू दे त्याला.”

मला ते पटले. एक दिवस सायकलही निजेल, एवढाच विचार मी केला. दसऱ्याला तुझे थोरले बंधू दरवर्षी रुळांपलीकडच्या मैदानात शमीच्या पाराशी पायी जातात, हे तुला माहीतच आहे. काल जेवण झाल्यावर त्यांनी काळी टोपी घातली, कोटाच्या खिशात आपट्याची पाने भरली, ओसरीवर येऊन सायकलकडे पाहिले आणि म्हणाले, “पूजलेलं वाहन दारात उभं ठेवायचं तर ते दुकानातलं काचेचं कपाट झालं. सीमोल्लंघन आज ह्याच्यावर.”

आत्या, तू गणिताची आहेस, तुला ही रचना दिसेल. पाना उचलायचा तर आधी सीमोल्लंघन व्हायला हवे, आणि सीमोल्लंघन व्हायचे त्या बोल्टावर. मी ओसरीच्या खांबाशी उभी होते. तोंड उघडले, मिटले. नानासाहेबांनी पस्तीस वर्षे तहसिलीत काढली, निजामाच्या अंमलात उर्दू आणि नंतर मराठी. त्यांच्यासमोर तोंडी निवेदन करताना वडीलधारे पुरुषही खाकरतात. बाबा नांदेडला, श्रीधर पुण्याला. मग मला जे येते ते मी केले. आत जाऊन चिठ्ठी लिहिली. घाई होती, तरी पद्धत सोडवत नाही : आरंभी साष्टांग नमस्कार, मग त्यांच्या खोकल्याची चौकशी, मग दसऱ्याच्या शुभेच्छा, आणि मग विषय. चिठ्ठी दोन पाने झाली. बाहेर येऊन ती आपट्याच्या पानासह त्यांच्या हाती दिली आणि वाकले. ते प्रसन्न होऊन म्हणाले, “वा. लेखी सोनं. सावकाश वाचतो.” आणि चिठ्ठी कोटाच्या आतल्या खिशात गेली.

तोवर कडूबा सोने द्यायला आले होते. आपण दिलेल्या पोत्यावर नानासाहेब बसताहेत म्हटल्यावर त्यांचा आनंद मावेना. त्यांनी सायकल धरली, नानासाहेबांना बसवले, दोन्ही पाय पिंजऱ्यांत घातले आणि पट्टे आवळले. “साहेब, आता पाय सटकायचं नावच नाय,” असे म्हणून त्यांनी मागून एक असा धक्का दिला की नानासाहेब फाटकाबाहेर पडून वळणावर दिसेनासे झाले, तेव्हा माझे तोंड पुन्हा उघडले होते.

येथे तू विचारशील की हाक का मारली नाहीस. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, आणि सीमोल्लंघनाला निघालेल्याला तर नाहीच. आई दारातच उभी होती. माझ्या तोंडाचा आकार पाहून तिने मान हलवली. म्हणजे उपाय एकच उरला : नानासाहेबांच्या पुढे जायचे, वळून समोर उभे राहायचे आणि समोरून बोलायचे. मी धावले. श्रीधरची सायकल दाराशी उभी होती. ती का घेतली नाही हे शेवटी सांगते. नवी साडी, अनवाणी, हातात अजून आपट्याची एक डहाळी. बोळातून, पिठाच्या गिरणीमागून, रुळांवरून. प्रत्येक वळणावर मला वाटे, आता समोर रस्त्यात काळी टोपी पडलेली दिसेल. एकदा खरेच काहीतरी काळे दिसले. ती कोंबडी होती. तिला पाहून मला रडू आले, तिची चूक नसताना.

मैदानात पोहोचले आणि जे पाहिले ते तुला पटेल की नाही कोण जाणे. नानासाहेब शमीच्या पाराभोवती गोल फिरत होते. ताठ बसून, नजर समोर, एका गतीने. पाराशी तीस-चाळीस माणसे जमली होती. चारपाच जण हात जोडून त्यांच्या मागे चालू लागले होते. आपल्या शेजारच्या द्वारकाबाई कोणाला तरी सांगत होत्या, “नवस असंल. नानासाहेब बोलणार नाहीत, पण नवस असंल.” मी मात्र त्यांचा चेहरा पाहिला. आत्या, तो चेहरा मी ओळखते. रेल्वे स्टेशनापर्यंत जाताना बसच्या काचेत मला तोच दिसतो.

ते फिरत होते म्हणून मला पुढे जायची गरज उरली नाही. मी एका जागी उभी राहिले की दर फेरीला ते समोरूनच येत. अडचण इतकीच की दर फेरीला मला एका वाक्यापुरता वेळ मिळे. पहिल्या फेरीत, सवयीने, माझ्या तोंडून गेले, “नानासाहेब, साष्टांग नमस्कार.” ते म्हणाले, “हां, औक्षवंत हो,” आणि गेले. दुसऱ्या फेरीला मी म्हटले, “आपल्याला एक निवेदन.” ते म्हणाले, “लवकर बोल, बेटा,” आणि गेले. तिसऱ्या फेरीला आम्ही दोघे एकदमच बोललो. मी म्हणाले, “हँडलाचा जो बोल्ट आहे,” आणि ते म्हणाले, “माझे पाय जे आहेत,” आणि गेले. चौथीला मी “तो सैल आहे,” ते “ते सुटत नाहीत.” मग ती एक फेरी, आत्या, पाराच्या मागून त्यांना फिरून येईपर्यंतचा वेळ. तेवढ्यात आम्हा दोघांनाही एकमेकांची बातमी पुरती कळली. ते समोर आले तेव्हा टोपीखाली त्यांचे कान पांढरे पडले होते.

“पेडल मारणे थांबवा,” मी म्हटले, “आणि हँडल अजिबात वळवू नका.”

“गोल झाडाभोवती हँडल न वळवता कसं फिरू, ते तुझ्या पुस्तकात असेल तर सांग,” ते म्हणाले, आणि गेले.

पुस्तकात नव्हते. पट्ट्याचे मात्र होते : बाहेरच्या अंगाला एक लहान खटका असतो, तो अंगठ्याने मागे सारला की पट्टा सुटतो, पण त्यासाठी पायापर्यंत वाकावे लागते, आणि चालत्या सायकलवर बासष्टाव्या वर्षी कोणी वाकत नाही. म्हणून मी वाकले. सायकल रेंगाळत आली, मी शेजारून धावू लागले, कमरेत दुमडून, एक हात त्यांच्या डाव्या पावलावर. मला फक्त झेंडूच्या पाकळ्या, धूळ आणि ते चाक दिसत होते, ज्याच्या छत्तीस तारा मीच ओवल्या होत्या. वरून द्वारकाबाईंचा आवाज आला, “पोरीची निष्ठा बघा गं. चालत्या सायकलवर पाया पडती.” आणि त्याच्याही वरून, केवळ पायाला हात लागल्याच्या सवयीने, नानासाहेब म्हणाले, “सुखी हो.” खटका सरकला. डावा पाय सुटला, जमिनीवर टेकला, आणि सायकल उभी राहिली.

त्यांनी टोपी नीट केली. खिशातून पाने काढली. “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा,” असे म्हणत ती तशीच बसून सर्वांना वाटली. उजवा पाय अजून पिंजऱ्यातच होता. पाने संपल्यावर मी तोही खटका सारला. नंतर दोघांनी मध्ये सायकल धरून ती चालत घरी आणली. रुळांपाशी थांबून त्यांनी कोटातून माझी चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि पूर्ण वाचली.

“पहिल्या पानावर माझा खोकला. दुसऱ्यावर शुभेच्छा. बोल्ट कुठाय?”

“दुसऱ्या पानाच्या खालून चौथी ओळ.”

“भानू,” ते म्हणाले, “मजमून आधी, आदाब नंतर. आधी मुद्दा, मग नमस्कार. कचेरीला आग लागली तर आम्ही निजामाच्या काळातसुद्धा आधी आग लिहायचो.” थोडे चालून झाल्यावर म्हणाले, “पायांचं कोणाला सांगू नकोस. प्रदक्षिणा होती.” मी मान हलवली. तुला सांगते आहे, पण तू कोणी नाहीस; तू आत्या आहेस.

असो. गुडघ्याला जप. तेल लाव.

तुझी,
भानुमती

ता.क. : आज सकाळी आईने पूजा उचलली. मी सळई घेऊन बोल्टाशी गेले. तो तसूभरही फिरेना. कडूबांना विचारले. ते म्हणाले, “व्हय, मीच आवळला नव्हं का, नवमीच्या पहाटं झेंडू द्यायला आलो तवा. तुमच्या आई हत्यारं उचलत व्हत्या, म्हणलं आधी एवढं करू द्या. तुम्ही काय इचारलंच नाय, ताई.” म्हणजे मी ज्याच्या भीतीने अनवाणी धावले ते संकट नव्हतेच, आणि काल दुपारी ओसरीवर कडूबांना एक शब्द विचारला असता तर हे पत्र पहिल्या परिच्छेदातच संपले असते.

दुसरा ता.क. : श्रीधरची सायकल का घेतली नाही, ते राहिले. आत्या, मला सायकल येत नाही. कुठलीच. घरी मी सांगितले आहे की गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात गंगापूरला तू मला शिकवलीस, आणि तू त्या काळी साडी खोचून शाळेला सायकलवर जात होतीस म्हणून सर्वांनी ते मानले. आता आईने द्वारकाबाईंना सांगून टाकले आहे की यंदा भाऊबीजेला नानासाहेब बसने गंगापूरला येतील आणि भानू सायकलवर पुढे निघेल. तीन आठवडे उरले आहेत. रोज पहाटे मी सायकलला हात लावते आणि तारा तपासून परत येते. तू दिवाळीआधी चार दिवस येशील का? मागून सीट धरून धावावे लागेल, म्हणून गुडघ्याची चौकशी मनापासून केली होती.

तिसरा ता.क. : पाकीट बंद करण्याआधी पत्र थोरल्यांना दाखवायची आपल्या घरची रीत तू जाणतेस. दुसरा ता.क. मी हाताखाली झाकून धरला होता. नानासाहेबांनी हात बाजूला केला नाही. म्हणाले, “जिने सायकल जोडली ती, दारात दुसरी उभी असताना, अनवाणी धावत येते. पस्तीस वर्षं पुरावे वाचलेत, बेटा. मला कालच कळलं.” मग पाने मोजली आणि विचारले, “मजमून कुठल्या पानावर?” मी म्हणाले, आठव्या. त्यांनी चष्मा काढला आणि पाने माझ्या हाती परत दिली.

पुन्हा सगळे लिहायला कोरे कागद उरलेले नाहीत. म्हणून पाकिटाच्या वरच मोठ्या अक्षरात लिहिले आहे : ‘मला सायकल येत नाही. लवकर ये.’ तुमचे पोस्टमन पुंजाराम पाकिटावरचे सगळे चावडीवर वाचून दाखवतात, हे तूच सांगितले होतेस. ते लिहिण्याआधी मला आठवले, तरी लिहिले. मजमून आधी आल्यामुळे पत्त्याला जागा थोडी कमी पडली आणि गंगापूर हा शब्द पार कोपऱ्यात, तिकिटाखाली गेला आहे. तो पोस्टाला दिसावा, एवढीच आता भीती आहे.